डिग्रीचा गाऊन, चॅपलमधली प्रार्थना आणि बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

गुढीपाडवा होऊन गेला, परीक्षा उरकत आल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. एरवी वर्षभर सासू-सून, सोसायटीचं पार्किंग, डिपॉझिट परत न देणारे घरमालक, आणि एप्रिल-मे आला की एकदम कॉलेज. कोणाच्या पोराची डिग्री, कोणाच्या बॅचला पंचवीस वर्षं. यावेळी बरीचशी पत्रं मिशनरी कॉलेजांमधल्या मुलांच्या घरून आली, शिवाय एक थेट अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजबद्दल, म्हटलं चला सगळी एकत्रच घेऊ. मी स्वतः विल्सन कॉलेजची, त्यामुळे थोडा पक्षपात होणार, चालवून घ्या.

ताई, मुलगा यंदा टीवाय बीएला आहे, एका ख्रिश्चन कॉलेजमध्ये. डिग्री देण्याचा मोठा कार्यक्रम असतो म्हणे. तो म्हणतो मी जाणार नाही, गाऊन घालून माकड बनायचं नाही, डिजिलॉकरला येतंच सगळं. याच्या बाबांनी (बेस्टमध्ये आहेत) तर मे महिन्यात रजा टाकायचं ठरवलंय. काय करू? — एक आई, डोंबिवली पूर्व

आधी बाबांना सांगा रजा टाकू नका! मे-जूनमध्ये लागतो तो निकाल. डिग्री त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला असतो, त्यानंतर सर्टिफिकिटं कॉलेजांकडे जातात आणि मग कॉलेज आपल्या सोयीने हॉलमध्ये कार्यक्रम ठेवतं. झेवियर्ससारखी कॉलेजं ऑटोनॉमस आहेत, झेवियर्स तर २०१० पासून, तिथे परीक्षा आणि निकाल कॉलेजच्या हातात असतात पण डिग्री शेवटी मुंबई विद्यापीठाचीच. सिनेमात दाखवतात तसं पेपर संपले आणि पुढच्या आठवड्यात टोप्या उडाल्या असं आपल्याकडे नसतं. तारीख कॉलेजच्या ऑफिसात विचारा, पोराला विचारू नका, त्याला माहीत नसणार.

आणि विद्यापीठाचा तो फोर्टमधला मोठा समारंभ वेगळा, तिथे स्टेजवर मुख्यतः पीएचडीवाले आणि गोल्ड मेडलवाले. तो हॉल मात्र एकदा तरी बघून या हं. १८७४ साली बांधून झाला, नकाशा काढला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज आर्किटेक्टने लंडनमध्ये बसून, गडी मुंबईत कधी आलाच नाही, आणि तरी त्या गोल रंगीत खिडकीत बारा राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन सगळं. ज्या देशात निकालाच्या आधी पत्रिका बघतात त्या देशासाठी अगदी योग्य हॉल.

आता गाऊन. पोराचं म्हणणं अगदीच फालतू नाही. २०१० मध्ये भोपाळला एका दीक्षान्त समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्टेजवरच गाऊन काढून टाकला होता, वसाहतवादाचा रानटी अवशेष आहे म्हणाले, आणि नंतर यूजीसीनेसुद्धा (विद्यापीठ अनुदान आयोग) विद्यापीठांना हातमागाचे कपडे वापरा म्हणून पत्रं पाठवली. मुंबईच्या दमट हवेत काळं पॉलिस्टर अंगावर चढवणं ही शिक्षाच आहे, त्यात वाद नाही. तेव्हा त्याला गाऊन आवडत नाही हे मान्य करून टाका. वाद गाऊनवर ठेवलात तर तो जिंकेल.

वाद ठेवा बाबांवर. या कार्यक्रमात मुलाला नवीन काही मिळत नाही, त्याचे मार्क त्याला महिन्यांपूर्वी कळलेले असतात. हा कार्यक्रम घरच्यांसाठी असतो. तीन वर्षं ज्यांनी पास काढून दिला, फी भरली, पहाटेच्या लोकलसाठी डबा केला, त्यांना त्या हॉलमध्ये खुर्ची मिळते आणि माइकवरून आपलं आडनाव ऐकू येतं, एवढंच. बेस्टमधल्या माणसाने आयुष्यभर त्या कॉलेजच्या गेटवरून बस जाताना बघितली असेल, आत जायचा हा बहुतेक पहिलाच प्रसंग. हे पोराला सरळ सांगा, लेक्चर न देता. मला नाही वाटत तो नाही म्हणेल.

एक कामाची गोष्ट. गाऊनबरोबर खांद्यावरून पाठीवर सोडायचं जे रंगीत हूड देतात ना, त्याला गळ्याशी एक छोटी लूप असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची असते. कोणी सांगत नाही. म्हणून मग अर्धी मुलं स्टेजवर जाताना ते हूड मागे सरकून गळा आवळल्यासारखी चालतात आणि फोटोत तेच येतं. मुलाला बटणाचा शर्ट घालायला लावा, टी-शर्ट नको. मुली साडी किंवा कुर्त्यात असतील तर पर्समध्ये चार सेफ्टी पिना टाका, दोन तुमच्या आणि दोन मागून मागायला येणाऱ्या मैत्रिणीच्या. गाऊनचं डिपॉझिट असेल तर पावती बाबांकडे ठेवा. कार्यक्रम झाल्यावर विल्सनवाले समोर चौपाटीवर फोटो काढतात, झेवियर्सवाले धोबीतलावला कयानीत मावा केक खातात, तुमचं कॉलेज कुठलं ते लिहिलं नाहीत पण काहीतरी खाऊन या, लगेच ट्रेन पकडू नका.

नातीच्या कॉलेजात डिग्रीच्या कार्यक्रमाआधी चॅपलमध्ये प्रार्थना आहे, मिस्सा की काय म्हणतात ते. पत्रिकेत पालकांनाही बोलावलंय. आमच्या घरात देवधर्म कडक. गेलं तर चालेल का, आणि तिथे काय करायचं असतं? — आजी, गिरगाव

आजी, चालेल. गेलात तर आवडेलही बहुतेक, गाणी छान असतात आणि पंखे चालू असतात.

तुमच्या मनात जी धाकधूक आहे ती गिरगावात काही आजची नाही म्हणा. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये तुमच्याच गिरगावात, आंबरोलीला, इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं (चौपाटीसमोरची आत्ताची इमारत १८८९ ची). १८३९ मध्ये त्याच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, बाप्तिस्मा घेतला आणि शहरात हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं भराभर काढून घेतली. मग १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, वडिलांनी कोर्टातून त्याला परत आणला तर आता याला जातीत घ्यायचा की नाही यावरून ब्रह्मवृंदात जुंपली, आणि त्या पोराच्या बाजूने उभे राहिले ते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यायला लावलं, त्यापायी स्वतः शिव्या खाल्ल्या. तेव्हाची भीती खरी होती, तेव्हा मुलांना शिकवणारा माणूस धर्मोपदेशकही होता आणि ते तो लपवत नव्हता.

आज काय आहे? संविधानाचं कलम २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे बोलावणं हे फक्त बोलावणं आहे, नाही गेलात तरी डिग्री अडत नाही. या कॉलेजांमध्ये बहुतेक वर्गांत हिंदू, मुसलमान, जैन, पारशी सगळी पोरं असतात आणि चॅपलचा जास्तीत जास्त उपयोग परीक्षेच्या आधी शांत बसायला होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पेपरच्या सकाळी तिथे हात जोडणाऱ्यांत जानवंवालेही असायचे.

करायचं काय, तर सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची सक्ती नाही, तुमच्या गुडघ्यांना तर मुळीच नाही. कॅथलिक मिस्सात एक वेळ अशी येते की लोक रांग लावून पुढे जातात आणि फादर त्यांना छोटी पांढरी चकती देतात. तो प्रसाद म्हणून घ्यायला उठू नका. आपल्याकडे प्रसाद नाकारत नाहीत म्हणून बऱ्याच आज्या भाबडेपणाने रांगेत जातात, पण कॅथलिकांसाठी ते फार पवित्र असतं आणि ते त्यांच्यातल्यांनीच घ्यायचं असतं. जागेवर बसून राहिलात तर कोणालाही वाईट वाटत नाही. माझ्या वसईच्या मैत्रिणीचं म्हणणं, घ्यायचं नसेल तर मोबाइल काढू नका एवढं पाळलं तरी खूप झालं. प्रोटेस्टंट कॉलेज असेल तर बहुधा रांग वगैरे नसते, बायबलमधला उतारा, दोन गाणी, छोटं भाषण, आटोपलं. नातीला आधी विचारून ठेवा कुठल्या पंथाचं कॉलेज आहे. आणि नऊवारी नेसून जा. तिथल्या सिस्टर तुम्हाला पुढे नेऊन बसवतील बघा.

आमची मुलगी अमेरिकेत मिशिगनला एका ख्रिश्चन कॉलेजमध्ये आहे, मे महिन्यात तिचं ग्रॅज्युएशन. आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी जाणार. दोन दिवसांचं शेड्युल पाठवलंय त्यात अर्धे शब्द कळत नाहीत, एक बॅकलॉरिएट आहे, एक कमेन्समेंट आहे, तिकिटं मोजून आहेत. काय घालायचं, काय अपेक्षा ठेवायची? — मुलुंडकर

अभिनंदन हो! तुमच्याकडे व्हिसा आहे असं धरून चालते. नसेल, आणि हे पत्र वाचताना एप्रिल उजाडला असेल, तर अवघड आहे. डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरणं, बोटांचे ठसे, मग बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, आणि मुलाखतीची तारीखच कधीकधी कित्येक महिने पुढची मिळते. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी पास होणार त्यांनी आत्ता अर्ज करा, कॉलेजचं आमंत्रण नंतर येईल. ते आमंत्रणपत्र सोबत असलेलं बरं पण ते दाखवलं म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही, तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे.

आदल्या दिवशीचं बॅकलॉरिएट म्हणजे चॅपलमधली प्रार्थनासभा, तिला सहसा तिकीट नसतं. दुसऱ्या दिवशीचं कमेन्समेंट म्हणजे मुख्य कार्यक्रम, त्याची माणशी तिकिटं असतात, मामा-मावशी न्यू जर्सीहून गाडी हाकत येणार असतील तर मुलीला वर्गातल्या कोणाकडे जास्तीची आहेत का ते आत्ताच विचारायला सांगा. ख्रिश्चन कॉलेज असल्याने सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना होणार, तेव्हा मुलगे टोपी काढतात, आपण नुसतं उभं राहायचं.

साडी नक्की नेसा. पण मिशिगनच्या मे महिन्याला आपला वैशाख समजू नका, सकाळी चांगलाच गारठा असू शकतो आणि कार्यक्रम मैदानात असला तर वारा लागतो, तेव्हा साडीच्या आत थर्मल आणि वरून जाड शाल. पायात चप्पल नको, हिरवळीवरून बरंच चालावं लागतं.

स्टेजवर तिला जे फोल्डर देतील ते बहुतेक रिकामं असेल किंवा आत अभिनंदनाचं पत्र, दचकू नका. शेवटचे ग्रेड तपासून झाल्यावर खरं सर्टिफिकेट पोस्टाने येतं, म्हणून पत्ता नीट दिलाय ना ते बघायचं, घर सोडून जाणारी पोरं जुनाच पत्ता देऊन बसतात. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे असतो आणि मग सगळे एकदम डावीकडे करतात, तेवढ्या सेकंदाचा व्हिडिओ हवा असेल तर फोन आधीच हातात ठेवा. नाव पुकारणाऱ्याला नावाचा उच्चार लिहून देण्यासाठी कार्ड किंवा फॉर्म असतो, 'ज्ञ' आणि 'ळ' असलेल्यांनी तो मनापासून भरावा. आणि फोटोंच्या गडबडीत ओपीटीचा (शिकून झाल्यावर काही काळ तिथे काम करायच्या परवानगीचा) अर्ज राहू देऊ नका, तिला पुढे तिथे काम करायचं असेल तर कोर्स संपायच्या आधी ९० दिवसांपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंतच तो करता येतो.

तुम्हाला विमानात बोलायला एक विषय देते. ही ये-जा सुरू झाली ती उलट्या दिशेने. गॉर्डन हॉल नावाचा मुलगा १८०८ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजमधून ग्रॅज्युएट झाला आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मिशनरी म्हणून मुंबईत उतरला, ईस्ट इंडिया कंपनीला तो नको होता, परत पाठवायच्या तयारीत होते, तरी चिकटून राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि १८२६ मध्ये इथेच महाराष्ट्रात कॉलऱ्याने गेला. त्याच्या आईवडिलांना ना व्हिडिओ कॉल होता ना व्हिसाची रांग. तुम्ही भाग्यवान.

आमच्या बॅचचं रियुनियन ठरलंय, फाइव्ह स्टारमध्ये, माणशी साडेचार हजार. वर कॉलेजसाठी फंड. ग्रुपवर रोज 'कोण कोण कन्फर्म' चालू असतं. मी कल्याणला पोळीभाजी केंद्र चालवते, वाईट चाललंय असं नाही, पण साडेचार हजार एका रात्रीसाठी नाही जमत. आणि खरं सांगू, तिथे सगळे डायरेक्टर नि व्हाइस प्रेसिडेंट. ग्रुप सोडावासा वाटतो. — नाव नको

ग्रुप सोडू नकोस. म्यूट कर. पहाटे पाच वाजता गुड मॉर्निंगचे गुलाब टाकणारा प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच, त्याला सहन करायचा हाच उपाय आहे.

बाकी, तू एकटी आहेस असं अजिबात समजू नकोस. 'कन्फर्म' म्हणणारे असतात ठरलेली दहा-बारा माणसं, उरलेले सगळे तुझ्यासारखे गप्प बसून वाचत असतात, त्यात नोकरी गेलेला असतो, आईच्या डायलिसिसमध्ये अडकलेली असते, आणि डायरेक्टर लिहिणाऱ्याचे हप्ते किती चालू आहेत ते त्यालाच माहीत. मला विचारशील तर कॉलेजचं रियुनियन हॉटेलात करणं हाच मुळात गाढवपणा आहे. बँक्वेट हॉलमध्ये पनीर टिक्का खायला कॉलेजची काय गरज? कॉलेजमध्ये करा ना, शनिवारी दुपारी, प्रिन्सिपलच्या ऑफिसला एक पत्र दिलं की हॉल किंवा निदान एखादा वर्ग मिळू शकतो, चहा-समोसे मागवा, तीनशे-चारशेत काम होतं. आणि तिथे कोण येऊ शकतं बघ. रिटायर झालेले लॅब असिस्टंट, लायब्ररीतले काका ज्यांनी दंड माफ केला होता, ऑफिसमधल्या बाई ज्यांनी शेवटच्या तारखेनंतर फॉर्म घेतला. ही माणसं फाइव्ह स्टारला कोणी बोलवत नाही आणि बोलावलं तरी ती यायची नाहीत. हे ग्रुपवर तूच सुचव, पैशाचा विषयच काढू नकोस, नुसतं लिही की 'मला कॉलेज बघायचंय, हॉटेल नको, अजून कोणाला?' आणि मग बघ किती अंगठे वर येतात. नाहीच आले तर ज्या दोघी-तिघींना तुला खरंच भेटायचंय त्यांना फोन कर. आणि पोळीभाजी केंद्राचं लपवू नकोस गं. समोशांची ऑर्डर तुलाच मिळाली तर?

फंडाचं वेगळं बोलते कारण हे बऱ्याच जणांनी विचारलंय की कॉलेजला अचानक माजी विद्यार्थ्यांचं प्रेम का आलं. प्रेम असेलही, पण नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही मोजतात, रजिस्टर्ड संघटना आहे का, त्यांनी काय दिलं, वगैरे. म्हणून नॅकची टीम यायच्या आधी फोन जास्त येतात. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं. द्यायचेच असतील तर बॅचच्या कोणाच्या तरी जीपेवर देऊ नका, कॉलेजच्या किंवा संघटनेच्या खात्यात द्या आणि पावती घ्या. आपण ८०जी म्हणून ओळखतो ती देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता पाहिजे, दोन हजारांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत, आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर सवलत मिळतच नाही.

परदेशातल्या मित्रांकडून गोळा करताना मात्र सांभाळून. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ठीक. पण जो अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याने तो परदेशी स्रोत, त्याचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. 'माझ्या खात्यात पाठव, मी भरतो' हा शहाणपणा करू नका, तुम्हीही अडकाल आणि कॉलेजही.

१९९६ ची बीएससी. डिग्री सर्टिफिकेट घर बदलताना हरवलं, आणि लग्नानंतर नावही बदललंय. नवीन नावाने मिळेल का? — दहिसर

डुप्लिकेट मिळतं. मुंबई पोलिसांकडे हरवल्याची तक्रार ऑनलाइन करता येते, तिची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि जुनी मार्कशीट हाताशी ठेवा आणि विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधल्या परीक्षा विभागात अर्ज करा. जाण्याआधी कॉलेजच्या ऑफिसला एक फोन करा, सीट नंबर आणि वर्ष त्यांच्या रजिस्टरमध्ये सापडलं तर तुमचा हेलपाटा वाचेल. नाव मात्र परीक्षेला बसताना होतं तेच येणार, नवीन नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत सोबत जोडत राहायची. आणि नवीन सर्टिफिकेट हातात आलं की कौतुकाने लॅमिनेशन करून आणू नका, उद्या परदेशासाठी अपोस्टिल करायची वेळ आली तर लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारत नाहीत. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि ठेवलंय कुठे ते घरात अजून एकाला तरी सांगा.